माणसं खालून, हरणं वरून

दोघी बहिणींच्या घरांमध्ये पूर्वी एक पायवाट होती. शेगडीवर दूध ठेवून पलीकडे जावं, साखर मागून आणावी आणि दूध उतू जायच्या आत परत यावं, एवढीच ती लांब. मग तिथून रस्ता गेला. आधी अरुंद होता, तेव्हा दोन्हीकडे बघून पळत ओलांडता यायचा. पुढे तो रुंदावला, मधोमध कंबरेएवढी भिंत आली, दोन्ही कडांना उंच जाळी आली, आणि एकमेकींच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत असूनही दोघी परगावच्या झाल्या. भेटायचं तर उड्डाणपुलापर्यंत जा, वळसा घाला, पुन्हा तेवढंच मागे या. थोरलीला गाडी चालवता येत नव्हती. सपाट जमिनीवर ती अजून कुणालाही मागे टाकेल, पण बसची पायरी दिसली की तिचे गुडघे संप पुकारत.

थोरलीचा शिवणकामाचा धंदा. रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, मागे कापडाच्या गठ्ठ्यांची चळत आणि गळ्यात सदा मोजपट्टी. नवरा होता तेव्हा म्हणायचा, ही झोपेतसुद्धा माझं माप घेते. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटीची आणि तिच्या नवऱ्याची रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला रोपवाटिका होती. हिरव्या जाळीची सावली, काळ्या पिशव्यांतली रोपं, नळाखाली कायमचा चिखल आणि एक टेम्पो, जो उतारावर लावला तरच सुरू व्हायचा.

रस्त्यावर पूल होणार अशी बातमी आली तेव्हा थोरलीने सकाळीच फोन केला. तोंडात टाचण्या होत्या हे आवाजावरून कळत होतं.

"शेवटी कुणाला तरी माझी दया आली म्हणायची!"

"ताई, तो पूल माणसांसाठी नाहीये गं."

"मग काय गाड्यांसाठी? गाडीवरून गाडी?"

"जनावरांसाठी. हरणं, कोल्हे, साळिंदरं. वर माती टाकून गवत लावणारेत, झाडं लावणारेत."

पलीकडे मशीन थांबलं. टाचण्या तोंडातून बाहेर आल्या. "धाकटे, सकाळी सकाळी थट्टा नको करूस."

थट्टा नव्हती. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर आणि त्यावरचं रान, दुसऱ्या अंगाला नदी. जनावरं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावरून नदीवर आणि नदीवरून डोंगरावर जायची. त्यांना कुणी रस्ता झाल्याचं कळवलं नव्हतं. ती आपली जाळीची फट शोधून यायची आणि चाकाखाली सापडायची. मागच्या वर्षी एका हरणाला वाचवायला गेलेली गाडी उलटली, आतलं कुटुंब कसंबसं वाचलं, आणि मग मात्र रस्ते विभागाने मनावर घेतलं.

त्या पुलावर झाडं लावायचं काम धाकटीला मिळालं. एवढं मोठं काम रोपवाटिकेला कधी मिळालं नव्हतं. नवऱ्याने टेम्पो धुतला, ही त्याची आनंद दाखवायची पद्धत.

पुलाचे इंजिनियर चहा पितानाही हेल्मेट काढायचे विसरत, म्हणून सगळे त्यांना हेल्मेटसाहेब म्हणत. माणूस मोठा सज्जन. कमानी उभ्या राहिल्या, त्यांवर पाणी न झिरपणारा थर बसला, त्यावर खडी, खडीवर माती, आणि मग हेल्मेटसाहेबांनी झाडांचा नकाशा उलगडला. सगळी झाडं रांगेत, सारख्या अंतरावर.

धाकटी नकाशाकडे बघत राहिली. "साहेब, हरणं काय संचलनाला येणारेत?"

हेल्मेटसाहेब आधी गोंधळले, मग हसले आणि नकाशाची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. पण धाकटीचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. तिने पुलाच्या मधोमध फुलझुडपांची अशी दाट जाळी लावली की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. जनावरांचा अभ्यास करणारी एक तरुण मुलगी कामावर होती. पुलावर कॅमेरे बसवायचं काम तिचं, म्हणून ती कॅमेरावाली. ती ते फुलझुडूप बघून हळूच म्हणाली, "काकू, छान दिसतंय, पण काढावं लागेल. हरणाला इकडे उभं राहून पलीकडचं रान दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर ते पाऊलच टाकत नाही."

धाकटीला वाईट वाटलं, पण तिने फुलझुडपं उपटली आणि कडेला नेऊन लावली, गाड्यांचे दिवे अडतील अशी. मधे नुसतं गवत ठेवलं. सरड्यांसाठी दगडांचे ढीग रचले, किड्यांसाठी पडलेल्या झाडांचे ओंडके टाकले. रोज उन्हं कलेपर्यंत ती मातीत गुडघे टेकून असायची. खालून गाड्यांचा लोंढा घोंघावत जायचा आणि वर तिची खुरपी चालायची. थोरली आपल्या खिडकीतून हे सगळं बघत होती. फोनवर विचारायची, "ते पिवळसर काय लावलंस गं? लांबून कापड वाळत घातल्यासारखं दिसतंय."

पूल तयार झाला. दोन्ही तोंडांना पाट्या लागल्या: माणसांना प्रवेश बंद. कॅमेरे लागले. सगळे हरणांची वाट बघू लागले.

एक दिवस दुपारी धाकटी पिशव्यांत माती भरत होती. फाटकाशी कडी वाजली. वर बघते तर थोरली. डोक्याला रुमाल, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा.

धाकटीच्या हातातलं घमेलं खाली पडलं. "ताई! कुणी आणून सोडलं तुला?"

"कुणी कशाला? चालत आले."

"कुठून चालत?"

"आता कुठून म्हणजे? तुझ्या पुलावरून. छान केलायस हो. चढ अगदी बेताचा आहे, गुडघ्यांना कळलंसुद्धा नाही."

"पाटीवर काय लिहिलंय ते वाचलं नाहीस?"

"चष्मा घरी राहिला होता," थोरली म्हणाली आणि डबा सोडायला बसली.

धाकटीने बोलायला हवं होतं. पण समोर बहीण बसली होती, डब्यातून भाजीची वाफ येत होती. गेली कित्येक वर्षं दोघी भेटत होत्या त्या कुणाच्या तरी आजारपणात नाहीतर समारंभात, सगळ्यांच्या देखत. अशा रिकाम्या दुपारी, काही कारण नसताना, हात मातीने भरलेले असताना नाही. ती मनाशी म्हणाली, चपला घातलेल्या एका म्हातारीने काय बिघडतंय? आणि डब्यात हात घातला.

थोरली पुन्हा आली. मग पुन्हा आली. मग तर ती कधी येणार हे सांगेनाशीच झाली, पूर्वी पायवाट होती तेव्हा सांगायची नाही तशी. धाकटीचा नवरा तिला बघून टेम्पोच्या मागून ओरडायचा, "या ताई! आज हरीण म्हणून आलात की कोल्हा म्हणून?"

"तुमच्यासारख्या गाढवाला भेटायला आले," थोरली म्हणायची.

कॅमेऱ्यातले फोटो बघायला कॅमेरावालीने एक दिवस सगळ्यांना कामावरच्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं. पंखा कुरकुरत होता. हेल्मेटसाहेब हेल्मेटासकट खुर्चीत बसले. लॅपटॉपवर फोटो सरकू लागले. गवत. गवत. कावळा. पुन्हा गवत. आणि मग, पाठमोरी, छत्री उघडलेली, थोरली.

पुढच्या फोटोत थोरली समोरून. त्यापुढच्या फोटोत ती सरड्यांसाठी रचलेल्या दगडांवर आरामात बसून फळ खात होती. एका फोटोत तिचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. त्यानंतरच्या फोटोत नुसतं कापड, इतक्या जवळून की धागे दिसावेत. तिने रुमालाने काच पुसली होती.

"चला, एक तरी प्रजाती पुलावर आली," हेल्मेटसाहेब पोट धरून हसले. "आणि स्वच्छतेची आवड असलेली आहे!"

धाकटीही हसली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, तरी हसली.

कॅमेरावाली हसली नाही. "पुढचे बघा," ती म्हणाली.

संध्याकाळचा उजेड. पुलाच्या तोंडाशी, डोंगराच्या बाजूला, एक हरिणी उभी होती. तिच्या पायांशी पाडस. पुढच्या फोटोत हरिणी पुलावर आलेली, चार पावलं आत. त्यापुढच्या फोटोत तिचं नाक जमिनीला, जिथून दुपारी थोरली गेली होती नेमकी तिथे. कान मागे. आणि शेवटच्या फोटोत ती वळलेली, पाडस तिच्या पुढे पळत, दोघंही जिकडून आली तिकडे.

"एकदाच नाही," कॅमेरावाली म्हणाली. "ही हरिणी पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक वेळी वास घेते आणि परत जाते. अजून तिला पुलाची ओळख नाही. पहिल्यांदाच माणसाचा वास लागला तर तिच्या लेखी हा माणसांचाच रस्ता. आणि ती पाडसालाही तेच शिकवणार."

हेल्मेटसाहेबांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"बाकीचेही जातात हो," कॅमेरावाली म्हणाली. "एक जोडपं लग्नाचे फोटो काढून गेलं, मोटारसायकलच्या चाकाची खूण आहे. पण या बाई सगळ्यात जास्त. कोण आहेत कुणाला माहीत आहे का?"

धाकटीने मातीने काळे झालेले आपले हात बघितले. "माझी बहीण आहे," ती म्हणाली. "आणि मला माहीत होतं."

कुणी तिला बोललं नाही, हेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने टेम्पो उतारावरून सुरू करून दिला आणि धाकटी एकटीच वळसा घालून थोरलीकडे गेली. थोरली मशीनवर होती. खोलीभर दवाखान्याचे पडदे पसरलेले. धाकटीने फोनमध्ये घेतलेले हरिणीचे फोटो तिला दाखवले, काय झालं ते सांगितलं. थोरलीने चष्मा लावून नीट पाहिलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे मी यायचं नाही."

"पुलावरून नाही, ताई. मी टेम्पो घेऊन येत जाईन ना न्यायला."

"किती वेळा येशील? आजवर किती वेळा आलीस?"

रोपवाटिका म्हणजे तान्हं मूल, एक दिवस पाणी चुकलं की मान टाकतं. धाकटी खरंच आली नव्हती.

"रस्ता केला तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आम्ही म्हटलं, बरं, सगळ्यांची सोय होतेय. जाळी लावली, म्हटलं बरं. आता पूल झाला, माझ्या खिडकीसमोर झाला, माझ्या सख्ख्या बहिणीने त्याच्यावर गवत लावलं. आणि मला सांगायला कोण आलं, की हा हरणांसाठी आहे, तू खाली उतर? तर तीच."

"ताई, ती पाडसाला घेऊन—"

"दिसलं मला. मी आंधळी नाहीये." थोरलीने पडदा मशीनखाली सरकवला. "नाही येणार मी. तुझ्या हरणाला त्रास नाही देणार. पण तूही येऊ नकोस काही दिवस. मला राग आलाय, आणि तो मला नीट येऊ दे."

मशीन सुरू झालं. धाकटी निघाली.

थोरली शब्दाची पक्की. पुलावर ती पुन्हा दिसली नाही. फोनही नाही. धाकटी पुलाच्या कडेला रोपांना पाणी घालताना समोरच्या खिडकीकडे बघायची. मशीनवर वाकलेलं डोकं दिसायचं, वर यायचं नाही. तिने हात हलवून बघितला. मग हलवायचं सोडलं. नवऱ्याने थट्टा बंद केली, जेवताना मीठ मागायचं असलं तरी हळूच मागायचा.

पलीकडच्या वस्तीत मात्र धुसफूस सुरू झाली. थोरलीसारखे बरेच जण होते. कुणाची आई अलीकडे, कुणाचं काम अलीकडे. वस्तीतून पुलाकडे जाणाऱ्या वाटेवर जाळी बांधली, जनावरांची बाजू मोकळी ठेवून. ती कुणीतरी कापली. पुन्हा बांधली, पुन्हा कापली. शेवटी रस्ते विभागाने शाळेच्या सभागृहात बैठक बोलावली. हेल्मेटसाहेबांना पुढे बसवलं, शेजारी कॅमेरावाली, आणि धाकटीलाही बसावं लागलं. समोर लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसली होती, आणि आधीच चिडलेल्या माणसांचे गुडघे बाकात अडकले की ती काही शांत होत नाहीत.

"जनावरांना पूल आणि आम्हाला जाळी?" एक बेकरीवाला ओरडला. टाळ्या पडल्या. हेल्मेटसाहेब काहीतरी सांगू लागले ते कुणी ऐकून घेईना.

मागच्या बाकावरून थोरली उठली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, काढायची राहिली असावी.

"मी त्या पुलावरून जात होते," ती म्हणाली. सगळे मागे वळले. "माझे फोटोही निघालेत, चांगले आलेत म्हणतात. आता मी जात नाही. का, तर मी गेले की हरीण येत नाही. मी खिडकीतून बघितलंय. ते संध्याकाळी येतं, उभं राहतं आणि परत जातं. बिचारं बोलू शकत नाही, नाहीतर तेही इथे बाकावर येऊन बसलं असतं."

कुणीतरी हसलं. थोरली हसली नाही.

"तेव्हा जाळी कापणाऱ्यांनी कापायचं थांबवावं. हे झालं आमचं. आता तुमचं, साहेब. मला सांगा, डोंगराचं पाणी नदीला कसं जातं? रस्त्यावरून तर जात नाही."

"रस्त्याखालून," हेल्मेटसाहेब म्हणाले. "पाण्यासाठी भुयार आहे."

"केवढं?"

हेल्मेटसाहेबांनी कॅमेरावालीकडे पाहिलं. कॅमेरावाली म्हणाली, "मोठं आहे. रस्ता रुंद केला तेव्हा मुद्दाम मोठं केलं होतं. जनावरं त्यातून जातील असं वाटलं होतं तेव्हाच्या लोकांना. आम्ही त्यात वाळू टाकून पावलांचे ठसे शोधले. उंदीर सोडून कुणी गेलं नाही. अंधार आहे, पलीकडचा उजेड लांब दिसतो. हरीण अशा ठिकाणी शिरत नाही."

"हरीण शिरत नाही," थोरली म्हणाली. "मी शिरेन."

मग बेकरीवाला बाकावर हात आपटून म्हणाला, "म्हणजे माणसं खालून आणि हरणं वरून!" आणि सगळं सभागृह हसायला लागलं. रागावलेली माणसं हसली की त्यांना आपण रागावलो होतो याची जरा लाज वाटते. त्या लाजेत पुढचं बोलणं नीट झालं. हेल्मेटसाहेबांनी अडचणी सांगितल्या. पावसात पाणी वाढतं, दिवे नाहीत, तळाशी गाळ आहे. कुणी तोडगे सुचवले, काही अगदीच अचाट होते. शेवटी हेल्मेटसाहेब म्हणाले, "बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. उद्या सकाळी आत जाऊन बघू. कोण येतंय?"

"मी," थोरली म्हणाली.

"मी पण," धाकटी म्हणाली. थोरलीने तिच्याकडे बघितलं नाही.

सकाळी तिघं भुयाराच्या तोंडाशी उभी राहिली. हेल्मेटसाहेबांनी त्या दिवशी दोन जास्तीची हेल्मेटं आणली होती. थोरलीने रुमालावरून हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि कुणी काही बोलायच्या आत गमबूट घातलेला पाय पाण्यात टाकला. पाणी घोट्यापर्यंतच होतं, पण तळ बुळबुळीत. दुसऱ्या पावलाला ती डगमगली. धाकटीने पुढे होऊन तिचा दंड धरला. थोरलीने तो सोडवून घेतला नाही.

हेल्मेटसाहेब बॅटरी घेऊन पुढे गेले. भिंतींवर प्रकाश फिरवत, हाताने चाचपत, स्वतःशीच पुटपुटत. वरून गाड्या जात होत्या, पण इथे तो आवाज लांबच्या गडगडाटासारखा मऊ होऊन येत होता.

"किती दिवस राग धरणार आहेस?" धाकटी हळूच म्हणाली. भुयाराने ते मोठ्याने म्हणून दाखवलं.

"हळू बोल. साहेबांना ऐकू जातंय."

"जाऊ दे."

थोरलीने पुढचं पाऊल चाचपून टाकलं. "राग तुझा नव्हता गं," ती म्हणाली. "म्हणजे होता, थोडा होता. पण मला मेलीला वाटलं होतं, आता संपलं ते वळसे घालणं. आता म्हातारपण बरं जाईल. तेवढ्यात ते हरीण आलं. आणि त्याचंही बरोबर! तेच जास्त झोंबलं. कुणाचं तरी चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

धाकटीला रडू आलं आणि हसूही. "भांडलीस की तरी."

"सवयीने," थोरली म्हणाली.

पुढून हेल्मेटसाहेबांचा आवाज घुमत आला, "जागा आहे! कडेने उंच पदपथ बांधता येईल, पाणी वाढलं तरी वर राहील असा!" ते वळले आणि बॅटरीचा झोत दोघींच्या तोंडावर पडला. धाकटीच्या गालावर ओघळ होते, थोरली रुमालाच्या टोकाने ते पुसत होती. साहेबांनी घाईघाईने झोत छताकडे वळवला आणि छताचीच पाहणी करत राहिले, तिथे पाहण्यासारखं काही नसताना.

काम सोपं गेलं नाही. वरच्या कार्यालयाने आधी नकार दिला, मग अटी घातल्या. हेल्मेटसाहेब फेऱ्या मारून दमले. एका जोरदार पावसात अर्धा पदपथ गाळाखाली गेला, तो पुन्हा उंच करावा लागला. बेकरीवाल्याने वस्तीतल्या माणसांना जमवून गाळ उपसला. पण दिवे लागले, कठडा लागला, पाणी वाढलं की तोंडावरचं फाटक बंद करायची सोय झाली, आणि एके सकाळी थोरली पलीकडच्या तोंडातून आत शिरली ती अलीकडच्या तोंडातून बाहेर आली. मागून वस्तीतली निम्मी माणसं. धाकटीच्या नवऱ्याने अलीकडच्या तोंडाशी टेम्पो उभा करून ठेवला होता, धुतलेला.

वर पूल एकटा पडला. त्याला तेच हवं होतं. जाळी कुणी कापली नाही. धाकटीही आता क्वचितच वर जायची. गवत उंच झालं, त्यात वारा फिरू लागला. कॅमेऱ्यात आधी ससे आले. मग एक कोल्हा, जो रोज त्याच वेळी कामावर गेल्यासारखा जायचा आणि परत यायचा. मग साळिंदर आलं, सगळे काटे पसरून, कॅमेऱ्याशीच भांडायला आल्यासारखं. हरिणीचा मात्र पत्ता नव्हता. धाकटी विचारायची आणि कॅमेरावाली मान हलवायची.

मग एक दिवस कॅमेरावाली लॅपटॉप घेऊन भुयारातून थेट थोरलीच्या खोलीत आली. धाकटी तिथेच होती, पडद्यांना कड्या लावायला बहिणीला मदत करत होती. कॅमेरावालीला धाप लागली होती. तिने पडद्यांवरच लॅपटॉप उघडला.

हरिणी होती. सोबत पाडस, आता तितकंसं लहान नाही. मागे आणखी दोन हरिणी. आणि त्या पळत नव्हत्या. पुलाच्या मधोमध, जिथे धाकटीने नुसतं गवत ठेवलं होतं तिथे, माना खाली घालून उभ्या होत्या.

"या पलीकडे जात का नाहीयेत?" धाकटीने काळजीने विचारलं.

थोरलीने चष्मा नाकावर चढवला. "जातील की. घाई काय आहे? आता जेवतायत."

कॅमेरावाली हसू लागली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. थोरलीने तिच्या हातात फडकं दिलं, मग ते दवाखान्याच्या पडद्याचं आहे हे लक्षात येऊन काढून घेतलं आणि दुसरं दिलं. त्यानंतर दूरच्या एका रस्त्यावर असाच पूल करायचा म्हणून तिथली माणसं बघायला आली. हेल्मेटसाहेबांनी त्यांना आधी भुयार दाखवलं आणि मग पूल. नकाशे बघायच्या आधी दोन्हीकडच्या लोकांच्या घरी जाऊन या, असंही सांगितलं.

पुढच्या वर्षी धाकटी पुलावर तण काढायला गेली. ठरलेलं काम होतं. लावलेलं सोडून जे उगवलं असेल ते उपटायचं. पहाटेचं दव होतं, खालचा रस्ता नुकता जागा होत होता. दगडांच्या ढिगाजवळ, कुण्या जनावराच्या वाळलेल्या लेंड्यांमधून, एक रोप वर आलं होतं. वीतभर असेल. तिने वाकून पान बोटांत धरलं. हे झाड तिच्या रोपवाटिकेत नव्हतं. डोंगराच्या बाजूलाही तिने ते कधी पाहिलं नव्हतं. ते नदीकाठचं होतं. कुणीतरी पलीकडे त्याचं फळ खाल्लं होतं आणि येता येता इथे पेरलं होतं.

खुरपी हातात तशीच राहिली. तिने रोपाच्या भोवतालचं गवत थोडं मोकळं केलं, खिशातून फोन काढला आणि समोरच्या खिडकीकडे बघत थोरलीला लावला.

"ताई, पुलावर एक झाड आलंय."

"एवढी झाडं लावलीस, त्यातलं असेल."

"नाही गं. मी नाही लावलं. हरणाने आणलंय, नाहीतर कोल्ह्याने. नदीवरून."

खिडकीत डोकं वर आलं. थोरली डोळ्यांवर हात धरून बघत होती, एवढ्या लांबून काय दिसणार होतं तिला. "फळ येतं का त्याला?"

"येतं. पण वेळ लागतो, ताई. बरीच वर्षं लागतात. आपण तेव्हा असू-नसू."

"तू तुझं बघ," थोरली म्हणाली. "मी असणार आहे."